जनरल मॅनेजरबाईंचं प्रगतिपुस्तक

अमेरिकेत अर्विंगच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये कोरी प्रगतिपुस्तकं आहेत. पूर्वी मी दर रविवारी लायब्ररीच्या एका खोलीत मुलांना मराठी शिकवायचो, तेव्हा हौसेनं पुण्याहून शंभर कार्डं छापून आणली होती. विषय, मिळालेले गुण, हजेरी, वर्तणूक, शेरा आणि तळाला सह्यांच्या दोन ओळी: वर्गशिक्षक आणि पालक. पोरं हळूहळू सॉकरला आणि पोहायला पांगली, वर्ग बंद पडला आणि साठ-सत्तर कार्डं उरली. बायको दर दिवाळीला ती फेकायला बाहेर काढते आणि मी दर दिवाळीला परत आत ठेवतो.

इतक्या चांगल्या कागदाचं करायचं काय, हा प्रश्न शेवटी बास्केटबॉलनं सोडवला.

हा खेळ घरात आणला लेकीनं. शाळेच्या टीममध्ये ती होती, पण उंचीनं आमच्या घराण्यावर गेल्यामुळे बहुतेक वेळ बाकावर बसून स्कोअर लिहायची. तिच्यासाठी म्हणून आम्ही आमच्या भागातल्या बायकांच्या व्यावसायिक संघाचे सामने बघायला जायला लागलो. संघाचं नाव मी सांगत नाही, कारण घरचं माणूस तिथं नोकरीला आहे. ते कसं, ते पुढे येईलच. लेक शिकायला बाहेर गेली, मग न्यू जर्सीत पार्सिपनीला एका औषध कंपनीत संख्याशास्त्राच्या कामाला लागली. आमच्या तीन खुर्च्यांपैकी एक गेली, दोन आम्ही ठेवल्या. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात. बायको तिथं स्वेटर घालून बसते, कारण एसी. मी चिडून बसतो, कारण संघ.

संघ हरायचा. रीतसर, नेमानं हरायचा. तीस वर्षं मी टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी मॅनेजर होतो. माल खराब निघाला की कुणाच्या तरी नावावर तो लिहायचा, हे माझ्या हाडात मुरलेलं. आधी मी खेळाडूंना बोल लावला, मग कोचला. तेव्हा लेकीनं फोनवर समजावलं की कोच फक्त हाताशी असलेल्या मुलींना खेळवतो. कोणत्या मुली घ्यायच्या, कुणाला सोडायचं, कुणाच्या बदल्यात कुणाला आणायचं, इतकंच काय, कोच कोण हेसुद्धा जनरल मॅनेजर ठरवते. बायकोनं स्पीकरवरूनच ते एका वाक्यात बसवलं, की स्वयंपाक कोचचा आणि मंडई हिची. मला माझा आरोपी सापडला.

आरोपी म्हणजे पन्नाशीच्या एक बाई. एकेकाळच्या खेळाडू, डाव्या पायानं किंचित लंगडणाऱ्या. खेळाडू आतून मैदानावर येतात त्या वाटेशेजारी त्या बसायच्या. संघ कितीही मागे पडो, लोक पार्किंगमधली गर्दी चुकवायला उठून जावोत, या बाई शेवटची शिट्टी होईपर्यंत हलायच्या नाहीत. मग उभ्या राहून आत जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या खांद्यावर हात ठेवायच्या. ते बघून माझा राग निम्मा व्हायचा. उरलेल्या निम्म्या रागानं मी पहिलं कार्ड भरलं.

विषय मीच ठरवले. नव्या मुलींची निवड, अदलाबदल, जखमी मुलींची काळजी, कोचची पारख. प्रत्येकाला शंभरपैकी गुण. वर्तणूक: उत्तम. हजेरी: पैकीच्या पैकी. एकूण बेरीज मात्र पासाच्या जरा खालीच राहिली. मी पेन तोंडात धरून बराच वेळ बसलो आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'ढकलपास'. वर्गशिक्षक म्हणून खाली झोकात सही ठोकली.

ढकलपास या शब्दाशी माझं जुनं नातं आहे. आठवीत माझी गणित आणि इंग्रजी दोन्हीत दांडी उडाली होती. वडिलांना शाळेत बोलावलं. मी दाराबाहेर उभा होतो आणि हेडसर आत म्हणत होते, "पोरगं याच वर्गात बसलं तर बसूनच राहील. पुढे ढकलतो. बघू." पुढे मी इंजिनिअर झालो, अमेरिकेत आलो, लोकांच्या कामाला गुण देण्याचा पगार खाल्ला. बायकोला ही गोष्ट ठाऊक आहे. लेकीला मात्र मी कधी सांगितली नाही. तिच्यासमोर मी कायम पहिल्या बाकावरचा मुलगा राहिलो. रविवारच्या वर्गात तीही होती, तेव्हा तिच्या कार्डावर वर्गशिक्षक म्हणून सही माझी असायची आणि पालक म्हणून तिच्या आईची. व्याकरणात मी तिला कधी साठाच्या वर जाऊ दिलं नाही. आपल्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये ना!

तर दर हंगामाला दोन कार्डं निघायला लागली, सहामाही आणि वार्षिक. फोटो काढून मी ती आमच्या निवृत्त काका लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो. तिथं प्लेनोपासून पार सॅन अँटोनियोपर्यंतचे आमच्यासारखे रिकामटेकडे जमलेले. त्यांना बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, पण प्रगतिपुस्तकातलं सगळं कळतं. ते हसायचे, मी सुखावायचो. धोका काहीच नव्हता, कारण सगळं मराठीत. अमेरिकेत आल्या दिवसापासून आम्ही मराठीला कुलूप समजत आलो आहोत. लिफ्टमध्ये शेजारच्या माणसाच्या पोटाबद्दल बोलायचं असो की दुकानदाराच्या टोपाबद्दल, मराठीत बोललं की झालं. या कुलपावर माझा फार विश्वास होता.

मग गेल्या वर्षी हिवाळ्यात लेकीनं फोन केला आणि सांगितलं की पार्सिपनीची नोकरी सोडतेय. आपल्या संघाच्या ऑफिसात तिला काम मिळालं होतं. खेळाडूंचे आकडे तपासायचे, कोण घेण्यासारखं आहे ते अहवालात लिहायचं आणि तो अहवाल जनरल मॅनेजरबाईंना द्यायचा. म्हणजे माझ्याच आरोपीच्या हाताखाली. तिचा आवाज असा फुललेला होता की बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "पर्मनंट आहे का?"

लेक म्हणाली की नाही, बाईंची खुर्ची आहे तोवर आहे. बाई गेल्या की त्यांची माणसंही जातात, तशीच पद्धत आहे. आणि बाईंचा करार या हंगामाअखेर संपत होता. ठेवायचं की नाही ते मालक तेव्हा ठरवणार होते. मी म्हणालो की औषधाच्या कंपनीत असं होत नाही. त्यानंतर ती आईशीच बोलली.

वसंतात ती इकडे आली, ऑफिसजवळ भाड्यानं घर घेतलं. शनिवारी दुपारी जेवायला यायची. कामाचं फारसं बोलायची नाही आणि मी विचारायचो नाही. एक गोष्ट मात्र तिनं पहिल्याच शनिवारी मागून घेतली. तिच्या ऑफिसबद्दल मी बाहेर कुठं काही बोलायचं नाही. मी शब्द दिला. प्रगतिपुस्तक हे बोलण्यात मोडत नाही अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

त्या हंगामात बाईंनी एक मुलगी निवडली होती. फार उंच, संथ, कुठल्याशा लहान कॉलेजातली. चेंडू तिच्याकडे क्वचित यायचा, आला तर ती तो लगेच दुसरीला देऊन टाकायची आणि कुणाच्या तरी वाटेत जाऊन उभी राहायची. मी तिचं नाव ठेवलं विजेचा खांब. जुलैत सहामाही कार्ड काढलं तेव्हा निवडीच्या विषयात शंभरपैकी बारा दिले आणि शेऱ्यात नेहमीच्या 'ढकलपास'खाली आणखी एक ओळ घातली: 'विजेचा खांब ज्याने सुचवला त्याला आधी वर्गाबाहेर उभे करावे.' ग्रुपवर हशा पिकला. ग्रुपमधल्या एका काकांची भाची इथं एमएस करते आणि याच संघाची चाहती आहे. तिनं कौतुकानं तो फोटो चाहत्यांच्या पानावर टाकला. मला याचा पत्ता नव्हता.

पुढच्या शनिवारी लेक आली. ताटावर बसली, भात कालवला आणि न जेवता म्हणाली, "बाबा, विजेचा खांब म्हणजे इलेक्ट्रिक पोल ना?"

माझा घास हातातच राहिला.

झालं होतं ते असं. चाहत्यांच्या पानावरचा फोटो बाईंपर्यंत पोचला. बाईंनी त्यावर फोन धरला आणि फोननं माझं कुलूप दोन सेकंदांत उघडलं. 'ढकलपास'चं त्यानं 'पुश पास' केलं. बास्केटबॉलमध्ये पुश पास नावाचा खराच प्रकार आहे, एका हातानं झटकन चेंडू पुढे ढकलायचा, त्यामुळे बाईंना ते कौतुक वाटलं. हजेरीला शंभर बघून तर त्या खूश झाल्या. या धंद्यात हजेरीचे गुण कुणी देत नाही म्हणाल्या. हसत हसत त्यांनी फोन लेकीपुढे धरला आणि विचारलं की ही तुमची भाषा का. लेकीनं अक्षर ओळखलं आणि ते कुणाचं हे तिला सांगावंच लागलं. खालची ओळ फोननं, दुर्दैवानं, अगदी बिनचूक उतरवली होती.

"ती मुलगी माझा पिक होती," लेक म्हणाली. "माझं मॉडेल, माझा रिपोर्ट. ऑफिसमध्ये सगळे अगेन्स्ट होते. बाईंनी माझ्यावर ट्रस्ट ठेवला. वर्गाबाहेर मला उभं करायचंय तुला."

"मला माहीत नव्हतं गं."

"माहीत असतं तर काय लिहिलं असतंस?"

गुण वाढवले असते तर मी लबाड, नसते वाढवले तर मी बाप कसला? ती आवाज न चढवता बोलत होती, त्याचाच मला जास्त त्रास झाला. ती जेवली नाही. मी फोन उचलून ग्रुपवरचा फोटो पुसायला लागलो तेव्हा बायको म्हणाली की बूंद से गई वो हौद से नहीं आती. तिनं लेकीला डबा भरून दिला आणि मला दोन दिवस नुसतं 'हं' आणि 'नाही'वर ठेवलं.

त्या दोन दिवसांत मला शरमेचा खरा अर्थ कळला. शब्द मोडला त्याची शरम होतीच. पण तीस वर्षं मी हाताखालच्या लोकांना बजावत आलो होतो की मोजल्याशिवाय शेरा मारू नका, आणि इथं मी काय मोजलं होतं? मुलगी उंच आहे, संथ आहे आणि चेंडू टाकत नाही, एवढंच. माझ्या कारखान्यात असला रिपोर्ट मी परत पाठवला असता.

तिसऱ्या दिवशी लेकीला फोन केला. माफी आधी मागितली, मग म्हणालो की तुझ्या त्या मुलीकडे कसं बघायचं ते मला शिकव. तिला वाटलं मी गोड बोलतोय. मी म्हणालो, शिकल्यावरही कमी गुण पडू शकतात. तेव्हा कुठं ती हसली आणि शनिवारी लॅपटॉप घेऊन आली.

डायनिंग टेबलावर, शेंगदाण्याच्या वाटीशेजारी, माझ्या मुलीनं मला तिचं काम पहिल्यांदा दाखवलं. तिचं म्हणणं साधं होतं. बाबा, तिच्याकडे बघू नकोस, बाकीच्या चौघींकडे बघ. ती जिथं जाऊन उभी राहते तिथं समोरच्या संघाची मुलगी अडते आणि आपली मुलगी मोकळी होते. चेंडू मोकळ्या मुलीकडे जातो, टाळ्या तिला पडतात. स्क्रीनवर रंगीत ठिपके सरकत होते आणि लेक बोलत होती, हातवारे करत, निम्मं इंग्रजीत. शाळेत बाकावर बसून स्कोअर लिहिणारी पोरगी तिथं बसून काय बघत होती ते मला त्या दुपारी समजलं. मला वाटायचं तिला खेळायला मिळत नाही म्हणून ती लिहितेय.

पुढचे सगळे घरचे सामने मी वही घेऊन बसलो. कारखान्यात मारायचो तशा चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. खांब मैदानावर असताना आपल्या मुली किती वेळा मोकळ्या झाल्या, आणि खांब बाकावर असताना किती वेळा. संघ तरी हरतच होता, क्वचित जिंकत होता. पण वहीत फरक दिसायला लागला, आणि ऑगस्ट संपेतो तो नाकारण्यासारखा राहिला नाही. बायको स्वेटरमधून म्हणाली, खांब नाही हो, ती दाराला लावायची वीट आहे, दार उघडं राहावं म्हणून. मी तेही वहीत लिहून ठेवलं.

हंगामाचा शेवटचा घरचा सामना रविवारी दुपारी होता. लेक त्या दिवशी कामावर नव्हती, आमच्याबरोबर बसली. त्या दिवसापुरत्या आमच्या पुन्हा तीन खुर्च्या झाल्या. आम्ही हरलो. लोक उठायला लागले, आम्ही बसून राहिलो, आणि बघतो तर बाई जिना चढून वर येत होत्या, कठडा धरून, एक एक पायरी. लेक ताडकन उभी राहिली. तिनंही त्यांना बोलावलं नव्हतं.

बाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या की हजेरीचे शंभर गुण देणारे तुम्हीच ना. मग जरा श्वास घेऊन त्यांनी विचारलं की तो पुश पास म्हणजे नक्की काय. तुमची मुलगी नीट सांगत नाही. मालकांची बैठक चार दिवसांवर होती. त्यांच्या चेहऱ्यावर ती बैठक दिसत होती.

मी लेकीकडे पाहिलं. थाप मारता आली असती, फोननं सोय करून ठेवलीच होती. पण ती शरम एकदा पुरे झाली होती. मी माझ्या मिरजेच्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं की त्याचा पासशी अर्धाच संबंध आहे. मूल नापास असतं. पण गुरुजींना वाटतं की याला इथंच बसवलं तर हे बसूनच राहील. म्हणून ते त्याला पाठीवर हात लावून पुढच्या वर्गात ढकलतात. बाईंनी विचारलं की मग पुढे त्या मुलाचं काय होतं.

"काही वेळा ते बरं निघतं," मी म्हणालो. "मी आठवीत ढकलपास झालोय."

बाई मोठ्यानं हसल्या. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, आत जाणाऱ्या मुलींच्या खांद्यावर ठेवतात तसाच, आणि कठडा धरून खाली गेल्या. लेक हसली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. गाडीत बसल्यावर तिनं एवढंच विचारलं की गणितात किती पडले होते. मी आकडा सांगितला. ती खिडकीकडे तोंड करून खांदे हलवून हलवून हसायला लागली. बायकोही सामील झाली. हायवेवर मी एकटा गंभीर होतो.

पुढचे चार दिवस मी वाचलं काहीच नाही, पण पेपर चाळत राहिलो. पाचव्या दिवशी दुपारी मी बागेत मिरच्यांना पाणी घालत होतो तेव्हा लेकीचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत तिनं एकच शब्द उच्चारला.

"ढकलपास."

मालकांनी बाईंना ठेवलं होतं. तीन वर्षांसाठी नाही, एका वर्षासाठी. पुढच्या हंगामात बघू म्हणाले. बाई राहिल्या म्हणजे लेक राहिली, आणि तो खांबही. पर्मनंट काहीच नव्हतं. मी नळ चालूच ठेवून तिथं उभा राहिलो, वाफ्यात तळं झालं. मी तिला सांगितलं की मला फार आनंद झाला. साधं वाक्य आहे, पण त्या हिवाळ्यातल्या फोनवर मला ते सुचलं नव्हतं.

मग आत येऊन ड्रॉवर उघडला. बाईंचं वार्षिक कार्ड आधी भरलं. निवडीला एकाहत्तर दिले. वहीत जेवढं होतं तेवढंच, एकही जास्त नाही. ते ग्रुपवर टाकलं नाही. त्यानंतर आणखी एक कोरं कार्ड घेतलं आणि विद्यार्थ्याच्या नावापुढे लेकीचं नाव लिहिलं. विषय कोरे ठेवले, गुण कोरे, शेरा कोरा. फक्त तळाला एक सही केली आणि कार्ड फ्रिजवर चुंबकानं लावून टाकलं.

शनिवारी ती आली, पाणी घ्यायला गेली आणि फ्रिजसमोर थांबली. कार्ड काढून तिनं पुढून पाहिलं, मागून पाहिलं. तळाच्या दोन ओळी तिनं बोट ठेवून वाचल्या, लहानपणी वाचायची तशा.

"बाबा, तू चुकीच्या लाइनवर साइन केलंयस. तू वर्गशिक्षक आहेस. पालकमध्ये आई करते."

"नाही," मी म्हणालो. "यावेळी बरोबर केलंय."